वाऱ्याचा बाक

देवाच्या घरात जागा सगळ्यांना असते. प्रश्न येतो तो बाकांचा.

सुरूवाडी हे गाव मांडव्याच्या धक्क्यापासून रिक्षाने पाव तासावर आहे (रिक्षावाल्याच्या मनात असेल तर). गावात मेथडिस्ट मंडळी आहे आणि मंडळीचं कौलारू देऊळ आहे. चर्चला तिथे देऊळच म्हणतात, पाद्र्याला पाळकसाहेब म्हणतात आणि बाहेरून आलेल्या माणसाला पाहुणा म्हणतात, मग तो वीस वर्षं राहिलेला का असेना. मधल्या वाटेच्या डावीकडे बायका बसतात, उजवीकडे पुरुष. आणि सगळ्यांच्या मागे, दाराला लागून, चपलांच्या शेजारी एक सुटा बाक आहे. त्याला वाऱ्याचा बाक म्हणतात. समुद्रावरचा वारा पहिला तिथेच येतो, म्हणून नव्या माणसाला मंडळी प्रेमाने तिथे बसवते. हा निव्वळ आदरातिथ्याचा भाग आहे. वाऱ्याला बसवलं की नव्या माणसाला बरं वाटतं, आणि पुढच्यांनाही.

कृष्णाबाई मास्तरणींना या बाकाचा सगळा इतिहास पाठ होता. वय त्र्याऐंशी, गुडघे गेलेले, पण आठवण अशी की गावातल्या पुष्कळ लोकांना ती गेली असती तर बरं वाटलं असतं. त्यांच्या आजीच्या वेळी त्या बाकावर महारवाड्यातून आलेली माणसं बसत. तोवर प्रभुभोजनाचा एकच मोठा प्याला सगळ्यांच्या ओठांना लागायचा. ही माणसं आली त्याच वर्षी मंडळीला आरोग्याची जाणीव झाली आणि छोटे छोटे वेगळे प्याले आले. (आरोग्याची जाणीव होणं चांगलंच. ती कधी होते, एवढंच बघायचं.) पुढे ती माणसं सरकत सरकत पुढच्या बाकांवर गेली आणि मागचा बाक रिकामा झाला. मग कातकरवाडीतली दोन घरं आली. त्यांना वाऱ्याची फार गरज आहे असं ठरलं. मग सरकारी दवाखान्यातली केरळची नर्स आली. ती समुद्राकाठचीच असल्यामुळे तिला तर वारा हवाच होता. मग कृष्णाबाईंच्या हाताखाली शिकलेला दयाराम, उत्तरेकडच्या मिठागरवाल्या आगरी घरातली पद्मा कोर्टात लग्न करून घेऊन आला. मुलगी हिंदू, लग्नाला पाळक नाही, वाजंत्री नाही. त्या दोघांना मंडळीने दोन वर्षं वाऱ्याला बसवलं.

या सगळ्यातून एक नियम निघतो. कृष्णाबाईंनी तो कधी फळ्यावर लिहिला नाही, पण त्यांना तो बेरीज-वजाबाकीइतका पक्का माहीत होता. वाऱ्याच्या बाकावरून उठून जो पुढे जातो, त्याला पुढे बसल्याबसल्या पाठीला वारा बोचू लागतो, आणि दार ओढून घ्या असं सांगणारा पहिला माणूस तोच असतो.

गेलं एक तप त्या बाकावर श्रेयस बसत होता.

श्रेयस म्हणजे निकेतचा मित्र. निकेत कृष्णाबाईंचा भाचा. बहीण लवकर गेली, म्हणून बाईंनीच त्याला वाढवलं. तो धक्क्यावर बोटीच्या तिकिटांच्या खिडकीत बसतो आणि रविवारी देवळात पेटी वाजवतो. श्रेयस बोर्ली पंचतनकडचा, सुपारीच्या वाडीवाल्या घरातला, गावच्या हायस्कुलात चित्रकला शिकवणारा. बारा वर्षांपूर्वी एक ट्रंक आणि एक सुपारीचं रोप घेऊन तो सुरूवाडीत आला आणि विहिरीमागच्या घरात निकेतबरोबर राहू लागला. घरच्यांनी त्यानंतर त्याचं नाव काढलं नाही. रोप मात्र आता कौलांच्या वर गेलं आहे आणि सुपारी धरतं.

मंडळीने श्रेयसला कधीही वाईट वागवलं नाही, हे इथे मुद्दाम नोंदवायला हवं. नाताळची चांदणी शिडीवर चढून तोच लावतो. इन्व्हर्टर बिघडला की त्यालाच हाक. लहान मुलांच्या नाटकाचे पडदे तोच रंगवतो. गव्हाणीतल्या गाढवाला त्याने दिलेला चेहरा बघून तर म्हाताऱ्या बायकांच्या डोळ्यांत पाणी येतं. एवढं सगळं करून तो परत जागेवर, चपलांपाशी. दोघांनी मिळून स्कूटर घेतली तेव्हा पाळकसाहेबांनी स्कूटरवर हात ठेवून प्रार्थनाही केली. इंजिन, ब्रेक, टायर आणि वळणावरचे डंपर सगळे देवाच्या हाती सोपवले. स्कूटरवर कोण बसणार, तेवढं राहून गेलं.

आता मंडळीत एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस असेल, ती जोडपी पुढे जाऊन वेदीपाशी उभी राहतात. पाळक त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, मंडळी 'आमेन' म्हणते, नंतर चहाबरोबर केक. भांडून महिनाभर न बोलणारी जोडपीही त्या दिवशी शेजारी उभी राहतात, कारण केक त्यांच्याच घरून यायचा असतो. कृष्णाबाईंनी स्वतः लग्न केलं नाही. त्यामुळे त्या प्रार्थनेत पुढे काय होतं ते त्यांनी साठ वर्षं लक्ष देऊन पाहिलं होतं. त्यांची एकच इच्छा उरली होती. आपली दोन पोरं एकदा तिथे उभी राहिलेली बघायची आणि मग डोळे मिटायचे.

निकेतला हे पसंत नव्हतं. "मावशी, राहू दे ना. पेटी वाजवतोय, सुखाने वाजवू दे."

"आणि याचं काय?" बाईंनी श्रेयसकडे बोट केलं.

"मला वारा आवडतो, मावशी," श्रेयस हसून म्हणाला. थोड्या वेळाने सुपारी कातरता कातरता, मान वर न करता त्याने पुढचं सांगितलं. "पण नव्या वर्षापासून मी नाही येणार. बारा वर्षं चपला राखल्या. एकही चोरीला गेली नाही. आता दुसरा माणूस बघा."

श्रेयस यायचा थांबला की निकेतची पेटीही थांबणार, हे बाईंना न सांगता कळलं. आणि ही दोघं देवळातून गेली की परत त्या दारातून आत येणार नाहीत, हेही.

अशा वेळी देव परदेशातून पत्र पाठवतो. सुरूवाडीची तिकडच्या एका मंडळीशी जुनी मैत्री आहे. तिकडे म्हणे या विषयावरून मंडळ्याच्या मंडळ्या दुभंगल्या होत्या. त्यांनी आपुलकीने विचारलं: तुमच्याकडे भिन्न संस्कृतीच्या आणि समलिंगी, तृतीयपंथी वगैरे बंधुभगिनींचा समावेश कितपत झाला आहे?

मंडळीचे चिटणीस आता दयारामच होते. त्यांनी त्याच दिवशी 'पूर्ण' असं उत्तर पाठवलं आणि मग, समावेश कशाचा करायचा हे ठरवण्यासाठी, समिती नेमली. समितीत दयाराम, पाळक जीवन आणि कातकरवाडीचा प्रतिनिधी म्हणून रतन होता. बायकांच्या वतीने कोणी नव्हतं, कारण चहा कोण करणार.

सांस्कृतिक विविधता लवकर उरकली. एका रविवारी सगळ्यांनी आपापल्या पारंपरिक वेषात यावं असं ठरलं. आता निवृत्त झालेल्या नर्सबाई सोनेरी काठाची साडी नेसून आल्या आणि त्यांचे सात फोटो निघाले. वीज मंडळात नोकरीला असलेला रतन जीन पँट आणि कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला.

"अरे, हे काय? तुझा वेष कुठाय?" दयारामांनी विचारलं.

"काका, माझ्या आज्याचा वेष आणलाय खिशात," रतन म्हणाला. "रुमालाएवढाच हाय. घालू का? डिसेंबर हाय म्हणून इचारतो."

त्याला वाद्य वाजवणाऱ्यांच्या रांगेत मागे उभं केलं गेलं. अहवालात 'विविधता समाधानकारक' असं लिहिलं.

दुसरा भाग नाजूक होता. असे बंधुभगिनी आपल्यात आहेत का, हे आधी समजायला हवं. नसतील तर समावेश कोणाचा करणार? पण कोणाला लाज वाटता कामा नये. म्हणून समितीने सर्वेक्षणाची पवित्र पद्धत काढली. रविवारी उपासनेनंतर सर्वांनी माना वाकवाव्यात, डोळे मिटावेत आणि जे कोणी तसे असतील त्यांनी शांतपणे हात वर करावा. गुप्ततेची हमी म्हणून समितीनेही डोळे मिटले. पार्श्वभूमीला निकेतची पेटी चालू होती. त्याचे दोन्ही हात अर्थातच कामात होते. पाच मिनिटांनी निष्कर्ष आला की एकही हात वर दिसला नाही.

प्रार्थनेत डोळे न मिटणारं माणूस देवळात एकच होतं. चाळीस वर्षं शाळेत प्रार्थना घेतल्यावर डोळे मिटून चालत नाही. पोरं काय करतात ते बघावं लागतं. कृष्णाबाईंनी पाहिलं. वाऱ्याच्या बाकावर श्रेयसने हात वर केला होता आणि पाचही मिनिटं तसाच ठेवला होता.

त्याच संध्याकाळी बाईंनी दयारामांना आपल्या ओट्यावर बोलावून घेतलं. चौऱ्याहत्तर वर्षांचे चिटणीस हात मागे बांधून उभे राहिले. सवय जात नाही.

"दया, माझ्या पोरांना पुढे कधी बोलावणार?"

"बाई, आमचा कोणालाच विरोध नाही. समावेश तर झालाच आहे. फक्त ही प्रार्थना लग्नाच्या वाढदिवसाची. त्यांचं लग्न कुठे झालंय?"

"तुझं कुठे झालं होतं? कोर्टात. तेव्हाचे पाळक म्हणाले होते की हे लग्न देवाच्या हिशेबी नाही. दोन वर्षं तुला कोणी पुढे बोलावलं नाही. तिसऱ्या वर्षी तुझ्या कानाला धरून पुढे कोणी नेलं?"

"तुम्ही, बाई."

"डाव्या का उजव्या?"

"डाव्या." दयारामांचा हात नकळत कानाकडे गेला. "पण बाई, ती गोष्ट वेगळी होती."

"प्रत्येक गोष्ट वेगळी असते, दया. बाक तोच असतो."

समितीने बाईंचा अर्ज फेटाळला नाही. सुरूवाडीत कोणाचाही अर्ज कधी फेटाळला जात नाही. उलट सहानुभूतीने पर्याय सुचवले गेले. दोघांसाठी प्रवाशांच्या प्रार्थनेत जागा होती. आजाऱ्यांच्या प्रार्थनेत होती. शेजाऱ्यांच्या प्रार्थनेत तर हवी तेवढी होती. स्कूटरसाठी पुन्हा एकदा करायलाही पाळकसाहेब तयार होते. यातलं काहीच मास्तरणींना पटेना, तेव्हा समितीने समानतेचा सगळ्यात शुद्ध मार्ग धरला. रतननेच तो मांडला. (दाराकडून फार वारा येतो, अशी तक्रारही हल्ली तोच करत असे.) दोघांना पुढे बोलावता येत नाही, म्हणून यापुढे कोणालाच पुढे बोलावायचं नाही. भेदभाव संपला.

ही समानता तीन आठवडे टिकली. मग पद्माबाईंनी घरात विचारलं, "आपल्या पन्नासाव्याचं काय?"

जानेवारीच्या पहिल्या रविवारी दयाराम आणि पद्मा यांच्या लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. मुलगे नवी मुंबईहून येणार होते. फोटोग्राफर अलिबागचा सांगून ठेवला होता. तीन थरांचा केक ठरला होता. दयाराम रात्रभर तळमळले (न्यायासाठी तळमळणारी माणसं हल्ली फार उरली नाहीत), आणि सकाळी तोडगा घेऊनच उठले. जोडप्यांनी पुढे यायचं, पण मंडळीने आधी डोळे मिटायचे. कोण आलं आणि कोण नाही हे कोणालाच दिसणार नाही. सगळे सारखे. 'आमेन' म्हणायच्या आत जोडप्यांनी जागेवर परतायचं. फोटोग्राफरला तेवढी सूट, कारण डोळे मिटून फोटो काढता येत नाही.

तो रविवार उजाडला. निकेत पेटीवर होता. श्रेयस शेवटचं म्हणून आला होता आणि वाऱ्याच्या बाकावर बसला होता. घरची चावी त्याने मुठीत धरली होती, गाणी संपली की निघायचं म्हणून. पाळकसाहेब म्हणाले, "डोळे मिटूया. ज्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे, त्यांनी पुढे यावं." मंडळीने डोळे मिटले. कृष्णाबाईंनी नेहमीप्रमाणे मिटले नाहीत.

दयाराम नव्या कोटात पुढे गेले. पद्माबाई मात्र पुढे गेल्या नाहीत. पैठणी सावरत त्या मागे निघाल्या, मधल्या वाटेने, सगळ्या मिटलेल्या डोळ्यांच्या मधून, थेट चपलांपर्यंत. त्या बाकावर त्या दोन वर्षं बसल्या होत्या. वाट माहितीची होती. श्रेयसचं मनगट धरून त्या हळूच म्हणाल्या, "ऊठ रं पोरा. मी हाय ना."

"काकू, नको. काका..."

"तुझ्या काकाचे डोळे मिटलेत. चल."

येताना त्यांनी पेटीवरच्या निकेतला दुसऱ्या हाताने उठवलं. सूर मध्येच तुटला. सूर तुटल्यावर माणूस साहजिकच डोळे उघडतो. कृष्णाबाईंना पहिल्या बाकापासून शेवटपर्यंत पापण्या किलकिल्या होताना दिसल्या. आणि वेदीपाशी चौघं उभी आहेत हे पाहून त्याच पापण्या घट्ट मिटताना दिसल्या. पाळकसाहेबांनीही एक डोळा उघडला आणि मिटला.

आता पेच असा झाला की 'आमेन' म्हटलं की डोळे उघडावे लागतात आणि डोळे उघडले की दिसतं. म्हणून पाळकसाहेब थांबेनात. त्यांनी पन्नास वर्षांच्या संसारासाठी प्रार्थना केली. मग मुलांसाठी, सुनांसाठी, नातवंडांच्या परीक्षांसाठी. मग मांडव्याच्या बोटींसाठी, वादळात सापडणाऱ्या होड्यांसाठी, रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी आणि ते बुजवणाऱ्या खात्यासाठी. आधी जिथे पाळक होते त्या तळा गावच्या मंडळीसाठी. सुक्या मासळीच्या भावासाठी. मंडळी डोळे मिटून 'होय प्रभू' म्हणत राहिली. सुरूवाडीत इतकी लांब आणि इतकी एकदिलाने प्रार्थना पूर्वी झालेली नव्हती. बाहेर केकची मलई उतरू लागली. पाळकसाहेब आंब्याच्या मोहोरावर आले, मोहोरावरून तुडतुड्यांवर आले, आणि मग त्यांच्याकडे जगातलं काही उरलं नाही.

शेवटी त्यांचा आवाज खाली आला. "आणि प्रभू," ते म्हणाले, "हे जे इथे उभे आहेत, जितके आहेत, त्यांना एकमेकांसाठी राख."

"आमेन!" कृष्णाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षं वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलेला आवाज तो.

डोळे उघडणं भाग पडलं. चौघं उभी होती. दयाराम समोर बघत होते, डावा कान लाल झालेला. मग नर्सबाईंनी टाळी वाजवली, आणि मंडळीने ती दयारामांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी आहे असं समजून वाजवायला सुरुवात केली.

परदेशी मंडळीला अहवाल गेला: समावेश पार पडला. हरकत कोणाचीही नाही. प्रत्यक्ष पाहणारे कोणीही नाही.

अडचण फक्त फोटोची झाली. दयारामांच्या दिवाणखान्यात तो मोठा करून लावला आहे. त्यात चौघं आहेत. मुलांनी त्यातले दोघं कापून घेऊ असं सुचवलं होतं. पण पद्माबाईंनी एका हाताने श्रेयसला आणि दुसऱ्याने निकेतला धरलं आहे. दोन्ही पोरं काढायची तर बाईंचे दोन्ही हात कापावे लागतात. दयाराम पाहुण्यांना सांगतात, "हे दोघं मदतीला होते." हे खोटं नाही.

श्रेयस आता पुरुषांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर बसतो, पेटीच्या जवळ. वाऱ्याचा बाक फार दिवस रिकामा राहिला नाही. बंगल्यांना रंग द्यायला आलेलं एक बिहारी कुटुंब आता तिथे बसतं. त्यांना मराठी येत नाही. मंडळीचं मत आहे की त्यांना तिथे बरं वाटतं. फेब्रुवारीत एका रविवारी भजन चालू असताना श्रेयसने कॉलर वर केली, मागे वळून पाहिलं आणि वाटेपलीकडे बसलेल्या कृष्णाबाईंकडे झुकून हळूच विचारलं, "मावशी, दार जरा लोटायला सांगू का? वारा बोचतोय."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरची शाल काढून वाटेपलीकडे दिली. "वारा येणारच," त्या म्हणाल्या. "ही घे."

वाचकहो, तुम्हीही इतका वेळ वाचत बसला आहात, सुरूवाडीच्या लोकांना हसत. तुमच्या पाठीला एकदाही वारा लागला नाही. दार कधी लावून घेतलंत?